इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी

भारतातील गणितज्ञांची जुनी संघटना. स्थापना ४ एप्रिल १९०७. सुरुवातीचे नाव ‘अ‍ॅनालिटिक क्लब’. १९१० पासून सध्याचे नाव रूढ झाले.

संस्थेचे जनक व्ही. रामस्वामी अय्यर (१८७१–१९३६) हे मद्रास इलाख्यात महसूल खात्यात डेप्युटी कलेक्टर होते. गणित हा त्यांच्या आवडीचा विषय, पण नोकरी आडगावांतली. परदेशी नियतकालिके एकट्याच्या पगारात परवडत नसत आणि जवळपास ती मिळतही नसत. डिसेंबर १९०६ मध्ये त्यांनी गुटी येथून ओळखीच्या गणितप्रेमींना पत्रे पाठवली. सर्वांनी वर्गणी काढून ग्रंथ व नियतकालिके मागवावीत आणि ती आळीपाळीने सर्वांनी वाचावीत, असे त्यांनी सुचवले. भारतातल्या गणिताच्या या संस्थेचा आरंभ असा पुस्तकांच्या टंचाईतून झाला. वीस सभासदांनिशी क्लब सुरू झाला आणि बी. हनुमंतराव पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन झाली.

ग्रंथालय हाच संस्थेचा कणा होता. ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवले गेले, हे महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासातले सर्वात महत्त्वाचे पान. १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर (तिथल्या गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले) झालेले र. पु. परांजपे तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि संस्थेच्या ग्रंथालयाची जबाबदारी त्यांनी उचलली. संस्थापक दक्षिणेत, पुस्तके पुण्यात आणि सभासद देशभर विखुरलेले. त्यामुळे संस्थेचा कारभार मुख्यतः टपालावर चाले.

१९०९ मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. बंगळूरचे एम. टी. नारायण अय्यंगार हे त्याचे पहिले संपादक. लेखांइतकेच महत्त्व त्यातल्या प्रश्न-उत्तरांच्या सदराला होते, कारण पदवी किंवा पद नसलेल्या माणसालाही तिथे जागा मिळे. १९१० मध्ये श्रीनिवास रामानुजन आपली वही घेऊन तिरुकोइलूर येथे रामस्वामी अय्यरांना भेटले. त्यांना कारकुनाची नोकरी हवी होती. वही पाहून अय्यरांनी नोकरी दिली नाही. महसूल खात्याच्या तळाच्या जागेवर ही प्रतिभा गुदमरेल असे त्यांना वाटले. त्यांनी ओळख करून देणारे पत्र देऊन रामानुजनना मद्रासकडे पाठवले. त्यातूनच पुढे नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत ओळख पोहोचली आणि रामानुजनना दरमहा २५ रुपयांचा आधार मिळाला. रामचंद्र राव हेही संस्थेचेच सभासद. पुढे ते अध्यक्षही झाले.

रामानुजन यांचा पहिला मोठा लेख, बर्नुली संख्यांवरचा (गणितातली एक विशिष्ट संख्यामालिका), १९११ मध्ये याच नियतकालिकात आला. त्यांची मांडणी इतकी त्रोटक होती की सामान्य वाचकाला ती समजणे कठीण, असे अय्यंगार यांनी नमूद केले आहे. तरीही त्यांनी लेख छापला. त्यांचा धीर आणि चिकाटी नसती, तर हा लेख कदाचित वहीतच राहिला असता. त्याच वर्षी रामानुजन यांनी सदरात एक प्रश्न घातला : १ अधिक २ गुणिले वर्गमूळ, त्या वर्गमुळात १ अधिक ३ गुणिले पुढचे वर्गमूळ, असे अनंतापर्यंत चालणारे पद, या सगळ्याचे वर्गमूळ किती? अनेक महिने कोणाचेही उत्तर आले नाही. शेवटी उत्तर त्यांनीच दिले : ३. पुढील काही वर्षांत त्यांचे पन्नासहून अधिक प्रश्न या सदरात आले.

पहिले अधिवेशन डिसेंबर १९१६ मध्ये मद्रासला व दुसरे १९१९ मध्ये मुंबईला झाले. १९२६ ते १९३० या काळात खुद्द रामस्वामी अय्यर अध्यक्ष होते. विद्यार्थी व शिक्षकांना उपयोगी पडेल असे ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ हे दुसरे नियतकालिक १९३३ पासून निघू लागले. दोन्ही नियतकालिके आजही चालू आहेत.

संस्थेचे ग्रंथालय १९५० पर्यंत फर्ग्युसनमध्ये होते. त्यानंतर ते मद्रासच्या रामानुजन इन्स्टिट्यूटमध्ये हलवण्यात आले.