पावसात सुरू, परीक्षेआधी बंद

मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलमध्ये पहिल्या फेरीत हरलेल्या कॉलेजचा सीझन एका सामन्यात आटोपतो. जून-जुलै नवी पोरं चाचपण्यात जातात, त्यांची पात्रतेची कागदपत्रं गोळा करताना जिमखान्याच्या सरांचा जीव मेटाकुटीला येतो, आणि मग कुठल्यातरी ओल्या दुपारी टायब्रेकरवर सगळं खलास. पेठांच्या संघांसाठी शाहू स्टेडियम डोक्यावर घेणाऱ्या कोल्हापूरकराला हे सांगितलं तर तो हसेलच.

हंगाम इतका आखूड का, याचं पहिलं कारण पाऊस. इंग्रजी पलटणींनी मुंबईत फुटबॉल आणला. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा पहिल्यांदा जिंकली तीही वूस्टरशायर रेजिमेंट या पलटणीने. कूपरेजचं मैदान फुटबॉलचं घर झालं, पण आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही क्रिकेटची जहागीर. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत तिथे विकेटवर रोलर फिरतो. पावसात विकेट झाकल्या गेल्या की उरलेली जमीन परंपरेने फुटबॉलच्या वाट्याला येई. तीही पूर्ण नाही, कारण १९४८ पासून कांगा लीग ऐन पावसात क्रिकेट खेळवत आली आहे. कॉलेजं जूनमध्ये उघडतात, म्हणून कॉलेज फुटबॉलही याच फटीत बसलं.

ऑगस्टमधला असा एखादा सामना बघावाच. मैदानावरचा माणूस फक्की मारत पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो, तोवर मागची रेघ सरीने धुऊन नेलेली असते. गोलच्या तोंडाशी घोटाभर चिखल. तिथे पडलेला चेंडू उसळत नाही, रुततो. गोलकीपर आणि फॉरवर्ड दोघेही त्याच्यावर झेप घेतात आणि उठतात तेव्हा जर्सीचा रंग कुणाला सांगता येत नाही. अशा मैदानावर नाजूक पासिंग शिकवणार कोण? लांब किक मारणारा दणकट बॅक कॉलेजच्या संघात कायम भाव खाऊन गेला, तो त्यामुळेच.

पण मैदान पूर्वीही असंच होतं, आणि तरी मुलं कॉलेजकडून जीव तोडून खेळत. त्याचं उत्तर नोकरीत आहे. मुंबईचा फुटबॉल अनेक दशकं ऑफिस टीम्सनी पोसला: टाटा, कॅलटेक्स ही तेल कंपनी, मफतलालच्या गिरण्या, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका, आरसीएफ हा खत कारखाना. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा याच टाटा-कॅलटेक्सच्या दुनियेतला. कॅलटेक्सने १९५८ साली रोव्हर्स कपही जिंकला. खेळाडू म्हणून घ्यायचं आणि कारकून म्हणून पगार द्यायचा, असा सरळ व्यवहार होता. सकाळी सराव, मग मस्टरवर सही, संध्याकाळी मुंबईच्या हारवूड फुटबॉल लीगचा सामना. ऑफिसच्या संघात शिरायचं तर आधी कुठेतरी नजरेत भरायला हवं, आणि त्यासाठी कॉलेजचा संघ ही उत्तम जागा होती. धोबीतलाव, माझगाव, माहीम, वांद्रे, नागपाडा इथल्या मुलांना हे पक्कं ठाऊक होतं. आपल्या मराठी घरांत मात्र क्रिकेट आणि कबड्डीचंच वजन जास्त. फुटबॉलमधून बँकेत चिकटता येतं, हे बऱ्याच आईबापांना उशिरा कळलं असावं.

आणि कळेपर्यंत ती वाट आटत आली होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्याच आजारी पडल्या, तिथे संघ कोण सांभाळणार? एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी रोव्हर्स कप बंद पडला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच गुंडाळला. २०१३ मध्ये क्लब परवान्याच्या निकषांत न बसल्याने एअर इंडिया तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, म्हणजे आय-लीगमधून, बाहेर फेकली गेली. खात्याचे संघ हौसेने चालवता येतात, पण व्यावसायिक क्लबचे नियम त्यांना झेपणारे नव्हते.

त्याच सुमारास, २०११-१२ पासून, विद्यापीठात श्रेयांक-सत्र पद्धत आली, म्हणजे वर्षाची दोन सत्रं आणि दोन परीक्षा. वार्षिक परीक्षेच्या काळात जून ते डिसेंबर मोकळा मिळे; आता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिल्या सत्राची परीक्षा दारात उभी. ७५ टक्के हजेरीची तलवार वेगळीच. मग उपांत्यपूर्व फेरीला अकरा जण जमत नाहीत आणि समोरच्या कॉलेजला वॉकओव्हर मिळतो. फुटबॉलचं यापेक्षा मोठं नुकसान चिखलानेही केलं नाही, असं माझं मत.

व्यावसायिक दरवाजाही जागा बदलून बसला आहे. मुंबईकर राहुल भेकेने २०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात अंधेरीच्या मैदानावर ११७ व्या मिनिटाला हेडर मारून बंगळूरु एफसी या क्लबला विजेतेपद मिळवून दिलं. त्या पातळीवर जाऊ पाहणारा मुलगा आता तेरा-चौदाव्या वर्षी अकादमीत आणि कुमार लीगमध्ये निवडला जातो. अठराव्या वर्षी कॉलेज टीममध्ये चमकणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर पोचणं.

त्यामुळे आज कॉलेजकडून खेळण्याची कारणं रोकडी आहेत: क्रीडा कोट्यातला प्रवेश, काही ठिकाणी फीमाफी, दहा वाढीव गुण, आणि विद्यापीठाच्या संघात निवड. हा संघ आधी पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. तिथून पुढे गेला तर देशभरातल्या विद्यापीठांच्या सर आशुतोष मुखर्जी करंडकासाठी खेळतो. २०१६ पासून रिलायन्स फाउंडेशनच्या युवा स्पर्धांनी कॉलेजांना आणखी थोडे सामने मिळवून दिले. बाकीची मुलं पावसाळा संपल्यावर वर्गणी काढून टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं छोटं मैदान, भाड्याने घेतात, तासाच्या हिशेबाने, पाच-पाच किंवा सात-सात जणांच्या टीम करून. अकरा जणांचं पूर्ण मैदान त्यांना पुन्हा मिळतं ते पुढच्या जूननंतर.