स्कीखालची इस्त्री

मे महिन्यातली दुपार, बाहेर त्रेचाळीस, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि मी यूट्यूबवर बर्फावरची रेस बघत पडलो होतो. सोलापुरात यापेक्षा स्वस्त एसी मिळत नाही. रेस जुनीच, २०१४ च्या सोची ऑलिंपिकमधली बायकांची डाउनहिल. स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन आधी उतरली, १ मिनिट ४१.५७ सेकंद. मग बऱ्याच जणी येऊन गेल्या आणि स्लोव्हेनियाची टीना माझे खाली पोचली तेव्हा बोर्डावर परत तेच, १ मिनिट ४१.५७. दोघींना गोल्ड! ऑलिंपिकच्या अल्पाइन स्कीइंगमध्ये असं पहिल्यांदाच झालं. तिसरी आलेली लारा गुट फक्त ०.१० सेकंदाने मागे.

डाउनहिलमध्ये पायांना स्की, म्हणजे लांब पट्ट्या, बांधून बर्फाच्या डोंगरावरून एकेकटीने उतरायचं, एकदाच उतरायचं, आणि जी कमी वेळात खाली ती जिंकली. वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर सहज जातो. १०० चा वेग धरला तरी सेकंदाच्या शंभराव्या भागात माणूस २८ सेंटीमीटर पुढे जातो, म्हणजे एक वीत आणि वर दोन-तीन बोटं. अख्खा डोंगर उतरून आल्यावर दोघींच्यात तेवढाही फरक नाही.

शेजारी भाचा बसलेला, यंदा दहावीला. म्हणाला, "मामा, स्की का घसरते माहितीय का? वजनाचा दाब पडला की बर्फ वितळतो, सरांनी सांगितलंय."

आता हे मलाही माझ्या सरांनी सांगितलं होतं, आणि बर्फाच्या लादीवर प्रयोग पण करून दाखवला होता. रसवंतीवाल्याकडून पाव लादी आणायची, दोन स्टुलांवर आडवी ठेवायची, वरून बारीक तार टाकून तिच्या दोन्ही टोकांना विटा बांधायच्या. तार हळूहळू लादीतून आरपार जाते आणि लादी मात्र अखंडच राहते. भारी दिसतं. तर दाबाने बर्फ वितळतो हे खोटं नाहीये, पण किती दाबाने किती वितळतो हे कोणी विचारतच नाही. वितळायचा बिंदू १ डिग्रीने खाली आणायला वातावरणाच्या साधारण १३५ पट दाब लागतो. तार बारीक, विटा जड आणि लादी आधीच शून्य डिग्रीवर घाम फुटलेली, म्हणून तिथं जमतं.

स्कीचं गणित करून बघा. बायकांच्या डाउनहिलची स्की साधारण २१० सेंटीमीटर लांब, रुंदी साडेसहा सेंटीमीटर धरू. दोन स्की म्हणजे २७०० चौरस सेंटीमीटरच्या वर जागा, त्यावर ७० किलोची बाई. दाब आला वातावरणाच्या चाळीसाव्या भागाइतका! चला, ती वळताना स्कीच्या कडेवर आहे, जागा शंभरपट कमी झाली, वर वळणाचा जोर म्हणून तिप्पट वजन धरा, तरी ७-८ पट वातावरण. त्याने बिंदू सरकतो डिग्रीच्या शंभराव्या भागांत पाच-सहा. आणि बर्फ समजा उणे दहावर आहे. म्हणजे काहीच होत नाही.

मग पाणी येतं कुठून? घासण्यातून. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज या दोघांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला बर्फाच्या गुहेत बसून प्रयोग केले आणि दाखवलं की दाबापेक्षा घर्षणाची उष्णता महत्त्वाची. हा भाग माझा सगळ्यात आवडता आहे त्यामुळे थोडं सहन करा. ७० किलोचं वजन म्हणजे जवळजवळ ७०० न्यूटन, बर्फावर स्कीचा घर्षणांक ०.०४ धरला तर मागे ओढणारं बल २७-२८ न्यूटन, वेग सेकंदाला ३० मीटर, गुणाकार केला की ८०० वॅटच्या आसपास येतात. ८०० वॅट म्हणजे घरची इस्त्री! दोन्ही स्कींखाली मिळून एक इस्त्री सतत चालू आहे असं समजा. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ जूल लागतात, तेव्हा सगळी उष्णता वितळण्यातच गेली तर सेकंदाला अडीच ग्रॅमच्या आत पाणी, निम्मा चमचा. आणि त्याच एका सेकंदात स्की जवळजवळ चार चौरस मीटर बर्फावरून गेलेल्या असतात. निम्मा चमचा पाणी चार चौरस मीटरवर पसरलं की थर होतो अर्ध्या मायक्रॉनपेक्षा जरासा जाड, केसाच्या जाडीचा शंभरावा भाग. (खरं तर स्की सगळीकडे टेकत नाही, बर्फाच्या कणांच्या टोकांवरच टेकते, म्हणून तिथं तो जास्त आणि बाकी कोरडं, पण अंदाज यायला एवढं पुरे.)

म्हणजे मेडलं ठरतात ती अशा पाण्यावर जे डोळ्याला दिसतच नाही.

बरं जास्त पाणी म्हणजे जास्त वेग असंही नाही. ओल्या ओट्यावर स्टीलचं ताट उपडं पडलं की कसं चिकटून बसतं, नखाने उचलावं लागतं. तसंच स्कीचं होतं. पाणी जादा झालं की ते तळ धरून ठेवतं. म्हणून स्कीच्या तळावर दगडी चाकाने बारीक रेघा पाडतात, पाण्याला वाट मिळायला, ओल्या बर्फाला खोल आणि कोरड्याला बारीक. आणि पाणी कमी पडलं तर? कडाक्याच्या थंडीत सगळी उष्णता बर्फ तापवण्यातच संपते. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या माणसांनी लिहून ठेवलंय की बर्फावरच्या घसरगाड्या ओढताना वाळूतून ओढल्यासारखं व्हायचं. सीना नदीच्या वाळूतून भरलेली बैलगाडी काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

स्कीचा तळ कसला असतो तर पॉलिथिलीनचा, कॅरीबॅगच्या घराण्यातलाच पण फार लांब रेणूंचा. आमच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये बसवला तोच पदार्थ. त्यावर गरम वॅक्स लावतात. पूर्वी फ्लोरिनवालं वॅक्स चालायचं, भन्नाट पळायचं, पण ते निसर्गात वर्षानुवर्षं कुजत नाही म्हणून २०२३-२४ च्या सीझनपासून बंदी आली. इथं एक बोलून घेतो. गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी एक तरी स्टॉल चुंबकाच्या ब्रेसलेटचा असतो, खेळाडूंची ताकद वाढते म्हणून पाटी लावलेली, आणि शिकलेली माणसं पैसे देऊन घेतात बे! बंदी कशावर आली बघा, वॅक्सवर. ब्रेसलेटवर बंदी घालावी एवढं ते कधी कोणाच्या कामी आलं नाही.

रेसचा रस्ता पण साधा भुसभुशीत बर्फ नसतो. त्यात दाबाने पाणी सोडतात, ते गोठून फरशीसारखं टणक होतं. नाहीतर पहिल्या दहा जणींनी उकरलेल्या खड्ड्यांतून बाकीच्यांना जावं लागलं असतं.

भाच्याने मग बरोबर कोंडीत पकडलं. "मामा, घासल्याशिवाय पाणी नाही ना, मग नुसतं उभं राहिलं तरी माणूस बर्फावर का पडतो?"

याचं पहिलं उत्तर मायकल फॅरेडेने १८५० मध्ये दिलं. विजेवाला फॅरेडे तोच. बर्फाच्या वरच्या पापुद्र्याला मुळात नीट गोठताच येत नाही असं तो म्हणाला. आतल्या रेणूला चारी बाजूंनी शेजाऱ्यांनी धरलेलं असतं, वरच्याचे एका बाजूचे हात मोकळे, त्यामुळे तो हलत राहतो. २०१८ मध्ये डॅनियल आणि मिशा बॉन या भावांच्या टीमने स्टीलची गोळी बर्फावरून फिरवून मोजलं, तर सगळ्यात निसरडा बर्फ शून्यावर नाही, उणे ७ डिग्रीला! त्याच्या वर बर्फ मऊ पडतो आणि गोळी रुतते, त्याच्या खूप खाली रेणू आखडतात, उणे १०० ला तर घसरणं जवळजवळ बंदच. अजूनही यावर शास्त्रज्ञांची भांडणं चालूच आहेत, घर्षण किती, पापुद्रा किती. मोजायची वस्तूच मायक्रॉनच्या आतली, भांडणारच.

भाच्याला फ्रीजरमधले दोन खडे आणायला लावले. फॅरेडेचा प्रयोग हाच, दोन खडे एकमेकांना नुसते टेकवायचे. वरचे सुटे रेणू आता दोन बर्फांच्या मधे सापडतात आणि गोठून जातात, खडे जोडले जातात. त्याने टेकवले, दहापर्यंत मोजलं, एक सोडला तर दुसरा खाली लोंबकळत राहिला. "दाबलं पण नाही मी," तो म्हणाला. मग त्याला सरांची आठवण झाली असावी, म्हणाला, परीक्षेत काय लिहू? मी म्हटलं, पुस्तकात आहे ते लिही आणि खाली जागा उरली तर इस्त्रीचं गणित टाक. तेवढ्यात लाईट गेली आणि खडे आम्ही सरबतात टाकले.