घोडा जड का लागतो?

नागपुरात नेमबाजी शिकायला आलेलं पोरगं पहिल्या महिन्यात एकच तक्रार करतं: रायफलचा घोडा जड आहे. खरं तर घोडा म्हणजे आपटणारा भाग आणि बोटाखाली येतो तो चाप. पण बोलण्यात दोन्ही एकच झालेत, इथेही चालवून घेऊ. तक्रार खरी आहे. तिचं मूळ मात्र बरंच मागं आहे.

1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. तेव्हा कंपनीच्या शिपायांकडे चकमकीच्या बंदुका होत्या आणि आप्पासाहेब भोसल्यांच्या अरब शिबंदीत तोडेदार बंदुकाही होत्या. आपल्याकडच्या तोडेदार बंदुकीत चाप दाबत जावा तसा तोड्याचं जळतं टोक धरलेला चिमटा रंजकेवर, म्हणजे बार पेटवायच्या दारूवर, उतरत जाई. बोट आणि चिमटा एकत्रच हलत. अडकून सुटायचं असं त्यात काही नव्हतं, म्हणून 'फील', म्हणजे चाप बोटाला कसा लागतो, हा प्रश्नच नव्हता.

चकमकीच्या बंदुकीनं तो आणला. ताणलेली स्प्रिंग एका खाचेत अडकवून ठेवायची आणि चापानं खाच सोडवायची. अडकवणारा तुकडा म्हणजे सीअर. खाच खोल ठेवली तर बंदूक धक्क्यानं सुटत नाही, पण बोटाला लांब, खरखरीत ओढ लागते. उथळ ठेवली तर चाप छान झटक्यात सुटतो आणि एखाद्या दिवशी नको तेव्हाही सुटतो. शेकडो वर्षं सगळी ओढाताण याच खाचेवरून चालू आहे.

लष्करानं तोडगा काढला तो दोन टप्प्यांचा. पोलिस आणि एनसीसीकडे अनेक दशकं राहिलेल्या .303 ली-एनफिल्डमध्ये पहिली ओढ 3 ते 4 पौंड, दुसरी 5 ते 6 पौंड, म्हणजे शेवटी सुमारे अडीच किलो. आजच्या हिशेबानं हे भारीच. तरी त्या रायफलवर हात बसलेले लोक चापाला नावं ठेवत नाहीत, कारण पहिला टप्पा संपतो कुठं ते बोटाला नेमकं कळतं.

आपली स्वस्त स्प्रिंगची एअर रायफल याहून अडचणीत. काडतुसाच्या रायफलीत सीअरवर फक्त काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनच्या स्प्रिंगचा भार असतो. इथे हवा दाबणारा पिस्टन ढकलणारी अख्खी मोठी स्प्रिंग त्याच्या डोक्यावर बसलेली असते. पत्र्याचे ठोकून काढलेले सुटे भाग, एकच सीअर, मग खाच खोलच ठेवावी लागते. 1950 च्या दशकात जर्मनीच्या वाइराउख कंपनीनं 'रेकॉर्ड' नावाच्या चापात लिव्हरची साखळी घालून हा भार टप्प्याटप्प्यानं घटवला. ती कारागिरी किमतीत दिसते.

भारतात 4.5 मिमी नळीच्या आणि 20 जूल ऊर्जेपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून सुरुवात बहुतेकांची हीच. आणि इथंच पोरं चाप हलका करायला स्प्रिंग कापायला बसतात.

आमच्या रेंजवरचे जुने मास्तर एकाला म्हणाले होते, "काहून कापून राहिला बे? आधी स्टॉकचे स्क्रू पाय ना." पाहिले तर स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, पुढचे दोन्ही अर्धा फेरा सैल. आंतरराष्ट्रीय नियमांत 10 मीटर एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅमची ओढ लागते, 10 मीटर एअर रायफलला किमान मर्यादाच नाही. त्यामुळे हलका म्हणजे चांगला असा समज पसरलाय. तो स्पर्धेच्या मॅच रायफलीपुरता ठीक, कारण तिथली खाच त्याच हिशेबानं घासलेली असते.

माझ्या रायफलवर मी सामान तोलायचा हातकाटा लावला होता, रेंजवर, छर्रा भरून, नळी टार्गेटकडे. 2 किलो 300. स्क्रू आवळले, सीअर ओळखीच्या कारागिराकडून साफ करून मॉलिब्डेनमचं ग्रीस जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं लावून घेतलं. आकडा 2 किलो 200 वर आला. पण मधली खरखर गेली होती, आणि त्या संध्याकाळी दहा छर्र्यांतले आठ एका रुपयाखाली झाकले गेले.