रत्नागिरी शहर : प्रेक्षणीय स्थळे

महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरील रत्नागिरी हे त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. दक्षिणेला काजळी नदीची भाट्ये खाडी, उत्तरेला मिऱ्याचा डोंगर आणि पश्चिमेला थेट समुद्रात घुसलेला रत्नदुर्गाचा डोंगर, यांच्या बेचक्यात हे शहर वसले आहे. गणपतीपुळ्याला निघालेले बहुतेक प्रवासी शहरातून नुसते पार होतात. फार तर आंब्याची पेटी घेण्यापुरते थांबतात. वास्तविक राजवाडा, तुरुंग, मंदिर, किल्ला आणि दोन रंगांचा समुद्र एवढे सगळे काही किलोमीटरांच्या आत असलेले शहर कोकणात दुसरे नाही. किमान एक पूर्ण दिवस शहरालाच द्यावा.

ही स्थळे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवली की त्यांचा परस्परसंबंध उलगडतो. सह्याद्रीने देशापासून, म्हणजे घाटमाथ्यापलीकडच्या मुलखापासून, तोडलेले आणि मुख्यतः समुद्रमार्गानेच गाठता येणारे हे गाव इंग्रज सरकारला नको असलेली माणसे ठेवायला सोयीचे वाटले. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा येथे आणला गेला आणि अंदमानातून परत आणलेल्या विनायक दामोदर सावरकरांना पुढे येथेच स्थानबद्ध केले गेले. शहरातल्या दोन महत्त्वाच्या वास्तू या सक्तीच्या मुक्कामांतून उभ्या राहिल्या आहेत.

थिबा राजवाडा

तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर, नोव्हेंबर १८८५ मध्ये, मंडाले येथे राजा थिबा इंग्रजांच्या हाती पडला. त्याला कुटुंबासह आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये बोटीने रत्नागिरीला आणण्यात आले. आज दिसणारा राजवाडा मात्र त्याच्यासाठी लगेच बांधला गेला नाही. राजा, राणी सुपायालत आणि त्यांच्या राजकन्या जवळजवळ पाव शतक शहरातल्या बंगल्यांत राहिल्या. राजवाडा तयार झाला तो १९१० च्या सुमारास, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजाचा मृत्यू झाला. म्हणजे ज्या वास्तूला त्याचे नाव आहे तिच्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. वाडा पाहायला येणाऱ्याला हा हिशेब ठाऊक असला की रिकाम्या दालनांकडे पाहण्याची नजरच बदलते.

वाडा भाट्ये खाडीकडे तोंड केलेल्या उंच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर आहे. तांबूस भिंती, उतरती छपरे आणि लाकडी कोरीवकामाच्या अर्धगोल खिडक्या ही त्याची लगेच नजरेत भरणारी वैशिष्ट्ये. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे नृत्यदालन आहे. मागच्या बाजूला राजाने सोबत आणलेली म्हणून ओळखली जाणारी बुद्धमूर्ती आहे. वाड्याच्या काही भागात पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे, पण खरी पाहण्यासारखी गोष्ट वास्तूच आहे. वरच्या मजल्यावरील खिडकीशी थोडा वेळ उभे राहावे. खाली खाडी, तिच्यावरचा पूल, पलीकडे माडांची दाटी आणि मग समुद्र दिसतो. राजाला दिसणारा समुद्र हाच.

राजाचे पार्थिव ब्रह्मदेशात नेण्याची राणीची इच्छा होती, ती मान्य झाली नाही. त्याची समाधी शहरातच आहे आणि शेजारी धाकट्या राणीचीही आहे. सुपायालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीत परत आली आणि येथेच राहिली. तिचा वंश कोकणातल्या मातीत मिसळून गेला. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी समाधीस्थळी येऊन आदरांजली वाहिली. बरेच प्रवासी वाडा पाहून निघून जातात. समाधी पाहिल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही.

वाड्यापासून जवळच थिबा पॉइंट ही सूर्यास्ताची जागा आहे. संध्याकाळी स्थानिक कुटुंबांची येथे गर्दी असते.

पतितपावन मंदिर आणि विशेष कारागृह

अंदमानातून हिंदुस्थानात आणल्यावर सावरकरांना काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवले होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांची येरवड्याहून सशर्त सुटका झाली. रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या त्या अटी. पाच वर्षांची ही मुदत वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. राजकारणाची वाट बंद झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे काम हाती घेतले. शाळांत सर्व जातींच्या मुलांना एकत्र बसवणे, सहभोजने, सर्वांसाठी खुले उपाहारगृह असे त्या कामाचे स्वरूप होते. मार्च १९२७ मध्ये महात्मा गांधींनी रत्नागिरीत त्यांची भेट घेतली होती.

जुन्या देवळांत प्रवेश मिळवण्याच्या खटपटीबरोबरच सर्व हिंदूंसाठी पहिल्यापासून खुले असेल असे नवे देऊळ बांधावे, ही कल्पना पुढे आली. तिला पैसा पुरवला भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीत गरिबीत जन्मलेले आणि मुंबईत बांधकामाच्या धंद्यात नाव व पैसा मिळवलेले भागोजीशेठ भंडारी समाजाचे होते. देवाच्या दारात अडवले जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. फेब्रुवारी १९३१ मध्ये मंदिरात लक्ष्मी-नारायणाची प्रतिष्ठापना झाली.

शिल्पाच्या दृष्टीने हे मंदिर साधे आहे, प्राचीन तर नाहीच. त्यामुळे फोटोपुरते येणाऱ्याची निराशा होईल. पण १९३१ साली, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह चालू असतानाच, कोकणातल्या एका सनातनी गावात हे दार सर्वांना उघडले गेले. हा संदर्भ मनात ठेवून सभामंडपात पाऊल टाकले तर शहरातले हे सर्वांत मोलाचे ठिकाण ठरते. विशेष कारागृहातील सावरकरांची कोठडी स्मारक म्हणून जपली आहे. कारागृह वापरात असल्याने तेथील नियम पाळूनच ती पाहता येते.

टिळकांचे जन्मस्थान

टिळक आळीतील कौलारू घरात २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. त्यांची बदली झाल्यावर १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला गेले, तेव्हा टिळक दहा वर्षांचे होते. घर आज स्मारक असून छायाचित्रे आणि माहितीफलक मांडले आहेत. त्यांपेक्षाही पाहण्याजोगे आहे ते घराचे बांधकाम. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, पुढे पडवी, आत माजघर, ठेंगण्या चौकटी आणि भर उन्हाळ्यातही जाणवणारा आतला गारवा. सिमेंटच्या इमारतींनी वेढलेल्या शहरात जुने कोकणी घर आतून पाहण्याची अशी संधी आता क्वचितच मिळते. शहराच्या वाचनसंस्कृतीची साक्ष देणारे नगर वाचनालय १८२८ चे आहे आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते.

रत्नदुर्ग

घोड्याच्या नालाच्या आकाराचा हा किल्ला बहामनी काळातला मानला जातो. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. त्यानंतर आंग्रे, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज असा त्याचा प्रवास झाला. तीन बाजूंना समुद्र असून विस्तार सुमारे १२० एकर आहे. बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर आहे. नवरात्रात येथे मोठी गर्दी होते, त्यामुळे स्थानिक लोक किल्ल्याला सरळ ‘भगवती किल्ला’ म्हणतात. वेगळ्या टेकाडावर १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह आहे. गाडी थेट बालेकिल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाते, म्हणून लहान मुले आणि वयस्करांनाही हा किल्ला झेपतो. तटावरून फेरी मारताना मात्र कड्याच्या बाजूला सांभाळून चालावे, काही ठिकाणी कठडा नाही.

या तटावरून शहराचा भूगोल एका नजरेत कळतो. दक्षिणेला मांडवीचा किनारा, त्याची वाळू काळी. उत्तरेला मिऱ्याकडे पसरलेला ‘पांढरा समुद्र’. मधला डोंगर एकच, पण दोन्ही बाजूंच्या वाळूचा रंग वेगळा. काळेपणा येतो तो इल्मेनाइट या लोह आणि टायटॅनियमयुक्त खनिजाच्या जड कणांमुळे. लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड कण मागे साचतात. मांडवीला ओहोटीच्या वेळी मूठभर वाळू उचलून उन्हात धरली की त्यातले चकाकणारे कण सहज दिसतात. पांढऱ्या समुद्राची बाजू मात्र लाटांच्या धुपेने खचत गेली आहे आणि तेथे दगडी बंधारा घालावा लागला आहे.

मिरकरवाडा, मांडवी आणि भाट्ये

किल्ल्याच्या कुशीतले मिरकरवाडा हे महाराष्ट्रातील प्रमुख मासेमारी बंदरांपैकी एक. ते पर्यटनस्थळ म्हणून सजवलेले नाही आणि तेच त्याचे महत्त्व. होड्या लागल्या की धक्क्यावर टोपल्या उतरतात, बर्फ फोडण्याचे आवाज सुरू होतात आणि उभ्याउभ्याच लिलाव पुकारला जातो. बांगडा, सुरमई, कोळंबी, म्हाकूल यांचे ढीग क्षणात या हातातून त्या हातात जातात. येथे लोक कामात असतात. त्यांच्या वाटेत न येता, फोटो काढण्यापूर्वी विचारून, कडेला उभे राहावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा धक्का शांत असतो.

मांडवीची जेटी ही शहराची संध्याकाळची बैठक आहे. भेळ खात, वारा घेत माणसे काळोख पडेपर्यंत बसतात. भाट्ये पूल ओलांडला की सुरूच्या बनाची किनार असलेला, सुमारे दीड किलोमीटर लांबीचा सपाट भाट्ये किनारा लागतो. टोकाला झरी विनायकाचे मंदिर आहे. जवळच कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र असून माडाच्या विविध जाती तेथे पाहता येतात. झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय मुलांना आवडते. देवमाशाचा सांगाडा हे तेथील मुख्य आकर्षण.

शहराचे ग्रामदैवत श्री देव भैरी. शिमग्यात त्याची पालखी निघते, तेव्हा नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेलेली माणसे हटकून गावी येतात. त्या दिवसांत रत्नागिरीत असण्याचा योग आला तर बाकीची स्थळे दुसऱ्या दिवसावर ढकलावीत आणि पालखीमागे चालावे.

आसपासचा परिसर

शहराच्या उत्तरेला साखरतर खाडी ओलांडून जाणारा किनारी रस्ता आरे-वारे येथे डोंगरावर चढतो आणि एकामागोमाग दोन किनारे पायाखाली उघडतात. हा तुकडा साऱ्या कोकणातील अतिशय देखण्या रस्त्यांपैकी आहे. गणपतीपुळे याच वाटेने सुमारे २५ किमी. पडते. तेथे समुद्राला लागूनच पश्चिमाभिमुख स्वयंभू गणपती असून प्रदक्षिणा देवळाला नव्हे, तर मागच्या संपूर्ण डोंगराला घालतात. त्यापुढील मालगुंड हे आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत यांचे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने येथे त्यांचे स्मारक उभारले आहे. कवीसाठी उभे केलेले, प्रेमाने सांभाळलेले असे स्मारक मराठी मुलखात विरळा.

आरे-वारे आणि गणपतीपुळे येथे पोहण्याबाबत मात्र स्पष्ट इशारा देणे भाग आहे. किनारा उतरता आहे, पाणी अचानक खोल होते आणि परतीची ओढ जबर असते. येथे वारंवार माणसे बुडाली आहेत. जीवरक्षकांचे आणि स्थानिकांचे ऐकावे. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये.

दक्षिणेला पावस येथे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांचे समाधिमंदिर आहे. त्याच बाजूला मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगड हा छोटा किल्ला आहे. दीड-दोन तासांत सावकाश पाहून होतो.

कातळशिल्पे

अलीकडच्या काळात रत्नागिरीच्या पर्यटनात पडलेली सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली प्रागैतिहासिक चित्रे. स्थानिक गुराखी आणि शेतकरी यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. रत्नागिरीतील हौशी अभ्यासकांनी गावोगाव फिरून, लोकांना विचारत त्यांची पद्धतशीर नोंद केली. हत्ती, वाघ, मासे, मनुष्याकृती आणि अर्थ न लागलेल्या भौमितिक आकृती त्यांत आहेत. २०२२ मध्ये कोकणातील निवडक स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत गेली. त्यांपैकी उक्षी आणि जांभरूण ही रत्नागिरीहून जाऊन येण्याजोगी, तर राजापूर तालुक्यातील कशेळी, देवाचे गोठणे आणि बारसू यांसाठी वेगळा दिवस हवा. कशेळीच्या भव्य हत्तीच्या देहात इतर अनेक प्राण्यांची चित्रे सामावली आहेत.

उक्षीच्या हत्तीभोवती गावकऱ्यांच्या पुढाकाराने संरक्षक भिंत बांधली आहे. अन्यत्र बरीच शिल्पे उघडीच आहेत. त्यांवर चालू नये, रेषा ठळक करण्यासाठी खडू किंवा रंग वापरू नये. ऊन डोक्यावर असताना उथळ रेषा दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर तिरप्या प्रकाशात त्या सावलीने उठून येतात. पावसाळ्यात गवत माजल्याने काही शिल्पे झाकून जातात.

प्रवास आणि हंगाम

कोकण रेल्वेचे रत्नागिरी स्थानक शहरापासून काही किलोमीटर आत आहे. स्थानकावरून शहरात यायला बस आणि रिक्षा मिळतात. रेल्वेने मुंबईकडून येताना उक्षीजवळचा करबुडे बोगदा (सुमारे साडेसहा किमी.) आणि गोव्याकडून येताना शहरालगतचा पानवल नदीवरील ६४ मी. उंचीचा पूल लागतो. हा पूल दिवसाउजेडी ओलांडता येईल अशी गाडी निवडावी. मुंबई-गोवा महामार्गावरून हातखंबा येथे वळावे लागते. कोल्हापूरकडून येणारा रस्ता आंबा घाटातून उतरतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फिरण्याचा उत्तम काळ. हापूस खायचा असेल तर एप्रिल-मेचा उकाडा सोसावा लागतो. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने बाहेरचा आंबा हापूस म्हणून विकण्यावर कायद्याने बंधन आले आहे, तरी खात्रीच्या बागायतदाराकडूनच पेटी घ्यावी. जून ते सप्टेंबर पाऊस धो धो कोसळतो. किनारे तेव्हा लांबूनच पाहायचे, पण थिबा राजवाड्याच्या सज्जातून भाट्ये खाडीवर चालून येणारी सर पाहायची असेल तर तेच दिवस गाठावेत.