गावचा डबा आणि हंटिंग्टनचा आजार

एका तरुणाने मध्यंतरी मला विचारलं, “आईला हंटिंग्टन आहे. मी तपासणी केलेली नाही. पण जनुक असेल तर असेलच ना, मग रोज टेकडी चढून काय फरक पडणार?” हंटिंग्टन हा मेंदूतल्या चेतापेशी हळूहळू मारणारा आनुवंशिक आजार. आणि आनुवंशिक म्हणजे कपाळावर लिहिलेलं, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही पक्का बसलेला आहे.

हंटिंग्टनपुरता तो निम्मा खरा. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही डीएनएची तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. ही आवर्तनं ४० किंवा जास्त असली तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. पण कधी? आवर्तनं सारखीच असलेल्या दोघांत लक्षणं १०-२० वर्षं पुढेमागे सुरू होऊ शकतात. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठी हा आजार असलेली फार मोठी कुटुंबं राहतात. आवर्तनांच्या संख्येने न उलगडणाऱ्या फरकापैकी सुमारे ४० टक्के इतर जनुकांमुळे आणि ६० टक्के परिसरामुळे पडतो, असा अंदाज त्यांच्यावरच्या २००४च्या अभ्यासात निघाला. त्या तरुणाच्या प्रश्नाला इथे जागा मिळते.

आता मला सर्वात आवडणारा भाग. या आजारात आधी मरतात त्या मेंदूच्या आत खोल असलेल्या स्ट्रायटममधल्या चेतापेशी. त्यांना जगायला बीडीएनएफ नावाचं प्रथिन लागतं, पण त्या ते स्वतः जवळजवळ बनवत नाहीत. ते बनतं वर, मेंदूच्या बाह्यपटलात. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला गावाहून एसटीने डबा यायचा, तशी ही सोय. डबा घरी भरायचा, एसटीत ठेवायचा, आणि मुलाने स्टँडवर उतरवून घ्यायचा. चेतापेशीच्या लांब तंतूत सूक्ष्मनलिकांचे रस्ते असतात, त्यांवर कायनेसिन ही मोटर-प्रथिनं बीडीएनएफच्या पिशव्या ओढत नेतात. पिशवी आणि मोटर यांची सांगड घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे हंटिंग्टिन, तेच प्रथिन ज्याचं जनुक इथे बिघडलेलं असतं! निरोगी हंटिंग्टिन बाह्यपटलात डबा भरायलाही मदत करतं, हे २००१ मध्ये दिसलं. वाहतुकीतला त्याचा वाटा २००४ मध्ये. म्हणजे बिघाड दोन्हीकडे, स्वयंपाकघरात आणि रस्त्यावर.

या आजारातल्या वेड्यावाकड्या हालचाली पाहून कुणी ‘अंगात आलंय’ म्हणतं, कुणी ‘दारू प्यायलाय’. देवऋषाकडे गेलेली वर्षं त्या घराला परत मिळत नाहीत. बीडीएनएफ वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवरही पैसे घालवू नका. खुद्द हे प्रथिन गोळीतून गिळलं तरी ते पोटात डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल.

२००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हंटिंग्टनचं जनुक घातलेल्या उंदरांपैकी काहींच्या पिंजऱ्यात पुठ्ठा, कागद, प्लास्टिकच्या वस्तू टाकल्या आणि त्या बदलत ठेवल्या. हुंगायला, चढायला, कुरतडायला काहीतरी मिळालेल्या या उंदरांत लक्षणं उशिरा आली. पुढे २००४ मध्ये कळलं की रिकाम्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या बाह्यपटलात बीडीएनएफ ठीक होतं, स्ट्रायटममध्ये मात्र कमी. भरल्या पिंजऱ्यात ही तूट भरून निघाली. डबा पोचू लागला होता.

धावण्याचा धागा वेगळा आहे. उपाशी किंवा दमलेल्या शरीरात यकृत चरबीपासून बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट नावाचं रसायन बनवतं. धावणाऱ्या निरोगी उंदरांत ते मेंदूत साठतं आणि एचडीएसी नावाच्या विकरांना (एन्झाइम्सना) आवरतं. ही विकरं डीएनएची गुंडाळी घट्ट ठेवतात. ती सैल झाली की बीडीएनएफचं जनुक जास्त वाचलं जातं. मात्र २०१० च्या एका प्रयोगात, वेगळ्या जातीच्या हंटिंग्टन-उंदरांना चाकावर धावण्याचा फायदा झाला नाही, लक्षणं लवकर आल्याचाही संशय आला. डबे जास्त भरले तरी एसटी नादुरुस्तच असते, हे विसरून चालणार नाही.

माणसांवरच्या चाचण्या लहान आणि बहुतेक काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या आहेत. व्यायामाने आजार थांबतो, असं त्यांत सिद्ध झालेलं नाही. पण दमसास वाढतो आणि हालचालींच्या गुणांकनात सुधारणा दिसते. म्हणून २०२० च्या फिजिओथेरपी मार्गदर्शिकेने दमसासाच्या व्यायामाला ताकदीच्या व्यायामाची जोड देण्याची शिफारस केली. त्या तरुणाला मी म्हटलं, टेकडी सोडू नकोस. आणि आईला सोबत नेणार असशील तर सपाट रस्ता निवड, हात धर, आणि परतल्यावर भरपूर खायला घाल, कारण या आजारात वजन उतरत जातं.