माजी सैनिकाच्या सेवा नोंदीतली चूक कशी दुरुस्त करायची? कोण अर्ज करू शकतं, कागद कोणते, अर्ज कुठे द्यायचा

डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवेतून बाहेर पडताना सैनिकाला मिळणाऱ्या सेवा पुस्तिकेत, पत्नीचं नाव 'सुमन'. आधारवर 'सुमनबाई'. बँकेच्या पासबुकावर 'सुमन बाई' असं तोडून. नवरा हयात असेपर्यंत या तीन नावांचं कुणालाच काही पडलेलं नसतं, कारण पेन्शन दर महिन्याला जमा होत असते. तो गेल्यावर, दिवसकार्य उरकून, ती कौटुंबिक पेन्शनचे कागद घेऊन निघते आणि पहिल्याच खिडकीवर प्रश्न येतो, "ही सुमन म्हणजे तुम्हीच, कशावरून?"

माजी सैनिकांचे आणि त्यांच्या पत्नींचे अर्ज मी लिहून देतो. त्यातले बहुतेक अर्ज याच एका प्रश्नाभोवतीचे असतात. ज्याच्या सहीने हे काम सोपं झालं असतं तो माणूस निघून गेलेला असतो, याचं दर वेळी वाईट वाटतं. म्हणून हे वाचणारा माजी सैनिक असेल, तर आजच डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार आणि पासबुक एका टेबलावर मांडा आणि अक्षर अन् अक्षर ताडून बघा.

चूक नेमकी कुठे आहे?

हे ठरवल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नका. सैनिकाची मूळ नोंद त्याच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये, शीट रोलमध्ये असते. त्यावरून डिस्चार्ज बुक भरलं जातं, त्यावरूनच पीपीओ निघतो आणि पीपीओतली माहिती आता 'स्पर्श' या पेन्शन प्रणालीत दिसते. मूळ नोंद बरोबर असेल आणि चूक फक्त पीपीओत किंवा स्पर्शमध्ये उतरताना झाली असेल, तर डिस्चार्ज बुकाची प्रत जोडून सुधारित पीपीओ मागायचा. चूक मुळातच असेल, तर आधी रेकॉर्ड ऑफिसमधली नोंद बदलावी लागते. बँकेत जाऊन पत्नीचं नाव बदलत नाही. बँक फार तर तुमचं खातं दुरुस्त करील, सेवा नोंद नाही.

रेकॉर्ड ऑफिस कोणतं, हे रेजिमेंटवर ठरतं, तुम्ही राहता त्या जिल्ह्यावर नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला, हवाई दलातल्या जवानांच्या दिल्लीत सुब्रतो पार्कला.

अर्ज कोण करू शकतं?

पहिला हक्क सैनिकाचा स्वतःचा. पेन्शन मिळत असो वा नसो, स्वतःच्या नोंदीबद्दल तो अर्ज करू शकतो. तो हयात नसेल तर पत्नी. पत्नीही नसेल तर पेन्शनला पात्र असलेली मुलं, अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी, अवलंबून असलेले आईवडील. दिव्यांग मुलाच्या वतीने त्याचा पालक अर्ज करतो. सैनिकाच्या पश्चात अर्ज करणाऱ्याला मृत्यूचा दाखला आणि आपलं नातं सिद्ध करणारा कागद जास्तीचा जोडावा लागतो.

रेकॉर्ड ऑफिस या दुरुस्तीसाठी फी घेत नाही. खर्च होतो तो प्रतिज्ञापत्र, टपाल आणि लागलंच तर जाहिरात किंवा राजपत्राचा. "आतून काम करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका आणि स्पर्शचा ओटीपी तर कुणालाही सांगू नका.

नावाच्या चुका

आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ हाच, आणि तो आपल्या चालीरीतींतून आलेला आहे. लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत अनेक घरांत होती. भरतीनंतर सुट्टीत लग्न करून गेलेल्या जवानाने युनिटमध्ये कधी माहेरचं नाव सांगितलं, कधी सासरचं. त्यात 'बाई', 'ताई' कधी लागलं, कधी सुटलं. नोंद करणारा कारकून मराठी असेलच असं नाही. 'ज्ञानदेव' हे नाव इंग्रजीत एका कागदावर 'डी'पासून सुरू होतं, दुसऱ्यावर 'जी'पासून. मधलं नाव वडिलांचं, हेही बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, त्यामुळे कुठे आडनावच गळतं.

अशा वेळी आधी एक गोष्ट ठरवा, बदलायचं काय? सेवा नोंदीतलं नाव बरोबर आणि आधारवरचं चुकलेलं असेल, तर आधारच दुरुस्त करा. ते जवळच्या केंद्रात होतं आणि लवकर होतं. फक्त आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा दुरुस्तीच्या पावतीवरचं स्पेलिंग सही करण्याआधी नीट वाचा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक लोक चुकीचा कागद दुरुस्त करायला निघालेले असतात.

सेवा नोंदच बदलायची असेल तर फरक किती आहे ते बघतात. 'सुमन' आणि 'सुमनबाई' एवढाच फरक असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. नोटरीचं प्रतिज्ञापत्र परत आलेलं मी पाहिलंय, म्हणून ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं बरं. सोबत आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, दोघांचा एकत्र फोटो आणि डिस्चार्ज बुक व पीपीओच्या प्रती. नाव पूर्ण वेगळं असेल, माहेरचं 'कमल' आणि सासरचं 'सुनंदा' असं, तर दोन वर्तमानपत्रांत, एक इंग्रजी आणि एक मराठी, जाहिरात आणि राज्याच्या राजपत्रात नावबदलाची नोंद मागितली जाते. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तोही लावा.

जन्मतारीख

खेड्यातल्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही तारीख हजारो माणसांच्या कागदांवर आहे. भरतीच्या वेळी शाळेच्या दाखल्यावरून सैनिकाची स्वतःची जी जन्मतारीख लिहिली गेली, ती निवृत्तीनंतर बदलून मिळण्याची आशा धरू नका. नोकरीच्या शेवटी किंवा नंतर अशी मागणी न्यायालयांनी वारंवार नाकारली आहे. इथे आधार सेवा नोंदीशी जुळवून घ्यायचं. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलते, हे लक्षात ठेवा.

पत्नीच्या जन्मतारखेचं मात्र वेगळं आहे. जुन्या पीपीओंमध्ये ती कित्येकदा लिहिलेलीच नसते, आणि ही गळालेली नोंद पुढे महागात पडते. वय ८० पूर्ण झालं की पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि १०० ला पेन्शनएवढीच जादा रक्कम. कौटुंबिक पेन्शनलाही हे लागू आहे. पत्नीची जन्मतारीखच नोंदीत नसेल, तर ती ८० ची कधी झाली हे प्रणालीला कळणार कसं? जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला लावून ही तारीख आत्ताच चढवून घ्या.

घरातलं माणूसच नोंदीत नसेल तर

लग्नाची नोंद राहून गेली असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. जुन्या लग्नाचीही नोंदणी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत उशिराने करता येते. दुसरं लग्न असेल तर पहिल्या पत्नीचा मृत्यूदाखला किंवा घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूमनामा जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नाचीही नोंद होते, तेव्हा "आता काय उपयोग" म्हणून ते सोडून देऊ नका.

मुलांसाठी जन्मदाखला. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती उशिरा करून घ्यावी लागते. दिव्यांग मुलाची नोंद मात्र आईवडील दोघं हयात असतानाच करा, हे मी हात जोडून सांगतो. जे मूल स्वतः कमावून पोट भरू शकत नाही, त्याला आईवडिलांनंतर आजन्म कौटुंबिक पेन्शन मिळू शकते. त्याचं नाव, दिव्यांगत्वाचा वैद्यकीय दाखला आणि पालकाचं नाव आधीच नोंदीवर असेल, तर मागे राहिलेल्या भावाबहिणीची वर्षानुवर्षांची धावपळ वाचते.

हुद्दा, गट, सेवाकाळ, पदकं

पीपीओवरचा हुद्दा, कामाच्या प्रकारानुसारचा गट (एक्स, वाय, झेड) आणि पेन्शनला धरलेली सेवा, या तीन गोष्टींवर वन रँक वन पेन्शनचा (समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) आकडा ठरतो. २०१४, २०१९ आणि २०२४ च्या १ जुलैपासूनच्या तक्त्यांत तुमची ओळ बघा. आकडा जुळत नसेल तर यातलंच काहीतरी चुकलेलं असतं. पुरावा म्हणजे डिस्चार्ज बुकातलं सेवेचं पान आणि बढतीच्या पार्ट टू ऑर्डरची (सेवा नोंदीतला बदल अधिकृतपणे नोंदवणाऱ्या आदेशाची) प्रत. १९७१ च्या युद्धकाळात सेवेत असूनही संग्राम पदक, किंवा आघाडीवर असूनही 'पूर्वी स्टार' अथवा 'पश्चिमी स्टार' हे पदक मिळालं नसेल, तर त्याचीही विचारणा रेकॉर्ड ऑफिसकडेच करायची.

अर्ज कसा लिहायचा?

एका पानात. वर सेवा क्रमांक (पुढच्या-मागच्या अक्षरांसकट), हुद्दा, डिस्चार्ज बुकात आहे तसंच नाव, भरती आणि निवृत्तीची तारीख, शेवटचं युनिट, पीपीओ क्रमांक, मोबाइल. मजकूर इतकाच पुरतो:

"माझ्या सेवा नोंदीत पत्नीचं नाव 'सुमन' असं आहे. ते 'सुमनबाई' असं असावं. पुरावा म्हणून प्रतिज्ञापत्र, आधार व पॅनच्या प्रती जोडल्या आहेत. कृपया दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करावी, तिची एक प्रत मला पाठवावी आणि सुधारित पीपीओसाठी प्रकरण पुढे पाठवावं."

रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत द्या, नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहा. दोन चुका असतील तर दोन्ही एकाच अर्जात घ्या. मग हा सगळा संच घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे कागद साक्षांकित होतात, नमुना तपासला जातो आणि त्यांच्या पत्रासोबत तो रेकॉर्ड ऑफिसला जातो. स्वतः पाठवायचा असेल तर स्पीड पोस्टने, आणि पावती डिस्चार्ज बुकातच ठेवा. मूळ कागद कधीही पाठवू नका.

पुढे रेकॉर्ड ऑफिस कागद पडताळून पार्ट टू ऑर्डर काढतं. हवाई दलात तिला पीओआर म्हणतात, नौदलात जेनफॉर्म. अर्धं काम इथे झालं. पेन्शनशी संबंधित बदल असेल तर प्रकरण पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयाकडे जातं, भूदलासाठी ते प्रयागराजला आहे, आणि तिथून सुधारित पीपीओ निघतो. पार्ट टू ऑर्डर हातात आली म्हणून निर्धास्त होऊन सुधारित पीपीओची वाटच न पाहणारे बरेच जण मला भेटलेत. दोन्ही हातात येईपर्यंत फाइल बंद करू नका.

उत्तरच आलं नाही तर

दोन-तीन महिने वाट पाहून जुन्या पावतीच्या प्रतीसह स्मरणपत्र पाठवा. मग माहिती अधिकार. १० रुपये भरून एवढंच विचारा, "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, आणि माझ्या शीट रोलची व पार्ट टू ऑर्डरची प्रत द्यावी." ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

दुरुस्ती लेखी नाकारली, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. निवेदन देऊन सहा महिने झाले आणि आदेशच आला नाही, तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत. नकार तोंडी ऐकून परतू नका. मुदत कागदावरच्या तारखेपासून मोजली जाते.

पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांनी तर अजिबात थांबू नये. त्यांची सेवा कागदपत्रं नियमानुसार २५ वर्षंच जपली जातात, त्यानंतर ती नष्ट करता येतात. म्हणजे दुरुस्त करायला मूळ कागदच उरत नाही.

सुधारित पीपीओ आला की त्यातलं स्पेलिंग पुन्हा वाचा, कारण दुरुस्ती करताना नवी चूक शिरलेलीही मी पाहिली आहे. मग ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातलं ओळखपत्र आणि बँकेचं संयुक्त खातं त्याप्रमाणे बदलून घ्या. सगळ्या प्रती एकाच पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे ते पत्नीला दाखवून ठेवा.