भीती पुसली जात नाही, तरी थेरपी टिकते

"तासभर बोलायचे दोन हजार? त्यापेक्षा मैत्रिणीला फोन कर की!" थेरपीचा विषय निघाला की मुंबईत हे हमखास ऐकू येतं. त्यामागचा समज असा, की बोलून मन हलकं होतं, चार दिवस बरे जातात, मग येरे माझ्या मागल्या.

हा समज संशोधकांनी तपासून पाहिला आहे. अमेरिकेत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या २४० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे पाठपुराव्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. काहींना औषध, तर काहींना कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायला शिकवणारी थेरपी, मिळाली होती. १६ आठवड्यांच्या उपचारांत जे सुधारले, त्यांच्यावर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. औषध थांबवलेल्यांपैकी ७६ टक्के लोकांचा आजार उलटला. कॉग्निटिव्ह थेरपी थांबवलेल्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं, आणि तेही वर्षभरात फार तर तीन जादा सेशन घेऊन. म्हणजे उपचार संपल्यावरही काहीतरी मागे उरतं. ते काय, हे सर्वांत नीट कळलंय ते भीतीच्या बाबतीत, आणि मला स्वतःला तोच भाग सर्वांत भन्नाट वाटतो.

समजा, एका बाईला गच्च भरलेल्या विरार फास्टमध्ये पॅनिक अटॅक आला. पुढे ती फास्ट टाळते, मग गर्दीची वेळ टाळते, मग लोकलच टाळते. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, म्हणून टाळणं पक्कं होत जातं. थेरपिस्ट तिला पायरीपायरीने पुन्हा गाडीत चढायला लावतो. आधी दुपारची रिकामी स्लो, मग गर्दी. चढण्यापूर्वी तिचं भाकीत विचारतो: "मी बेशुद्ध पडणार." छातीत धडधडतं, घाम फुटतो, पण ती बेशुद्ध पडत नाही. भाकीत जितकं सपशेल चुकतं, तितकं मेंदू जास्त शिकतो.

गंमत अशी, की जुनी आठवण यात पुसली जात नाही. हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगांतच दिसलं होतं. घंटेनंतर अन्न मिळतं हे शिकलेल्या कुत्र्याला नुसत्या घंटेनेही लाळ सुटे. घंटा वाजवूनही अन्न देणं बंद केलं की कुत्र्याची लाळ थांबे. पण काही काळ जाऊ दिला की घंटेसरशी पुन्हा सुटे. पुढे मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांनी उंदरांवर दाखवलं, की एका पिंजऱ्यात बसलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात घालवली, तर पहिल्या पिंजऱ्यात ती परत येते. म्हणजे मेंदूत फळ्यावर डस्टर फिरत नाही. जुन्या मजकुराशेजारी नवा लिहिला जातो. २००२ साली मिलाद आणि क्वर्क या संशोधकांना उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या ही नवी आठवण जागी झाली की पेटतात. तिथून निघालेला संदेश अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाजवळच्या इंटरकॅलेटेड पेशींपर्यंत जातो, त्या 'गाबा' हे रसायन सोडून अमिग्डालाच्या मध्यवर्ती केंद्राला आवरतात, असं मानलं जातं, आणि भीतीचा हुकूम शरीरापर्यंत पोहोचत नाही. नावं विसरलात तरी चालेल. मुद्दा एवढाच, की इथे भीती संपत नाही, तिला लगाम बसतो.

भीती कुठेही परतते, पण नवं शिकणं जागेला चिकटून राहतं. म्हणून दवाखान्याच्या एसी खोलीतल्या धीराच्या गप्पा पुरत नाहीत. वेगवेगळ्या गाड्या, वेगवेगळ्या वेळा, कधी एकटीने, कधी आधाराला धरलेली पाण्याची बाटलीही न घेता, असा गृहपाठ लागतो. मैत्रीण प्रेमाने म्हणते, "नको जाऊस, रिक्षाने ये." नेमकं तेच इथे नको असतं!

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या बाबा बंगालीच्या जाहिराती सगळ्या दुःखांचा झटपट नायनाट करायला तयारच असतात. त्यांना निदान आपण हसतो तरी. हॉटेलातल्या दोन दिवसांच्या शिबिरात 'अवचेतन मन रीप्रोग्राम' करून देणाऱ्यांना मात्र सुशिक्षित मंडळी पैसे मोजतात, कारण भाषा विज्ञानाची असते. भीती मुळापासून पुसून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

थेरपी महागच हवी असंही नाही. गोव्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांना साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा ते आठ सेशन दिले. त्याचा फायदा १२ महिन्यांनंतरही टिकलेला दिसला.

आणि वर्षा-दोन वर्षांनी, एखाद्या आजारपणानंतर किंवा घरातल्या मृत्यूनंतर जुनी धडधड परत आली, तर थेरपी वाया गेली असं समजू नका. जुना मजकूर तिथेच होता. बहुतेकदा थोडी सेशन्स आणि पुन्हा गाडीत चढणं, एवढ्याने काम भागतं. औषध चालू असेल तर मात्र वरचे आकडे वाचून ते मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.